तर्री पोहे घरी जमत नाहीत? या चुका टाळा

नागपुरात कस्तुरचंद पार्कच्या कडेला सकाळी मिळणाऱ्या तर्री पोह्यांची, म्हणजे वर काळ्या चण्यांचा झणझणीत, लाल तेलाचा रस्सा घातलेल्या पोह्यांची चव घरी का येत नाही, याचं उत्तर बहुतेक जण मसाल्यात शोधतात. मसाला क्वचितच चुकतो. घरी पोहे होतात ते नुसते खायचे असल्यासारखे: भरपूर फल्लीदाणे (शेंगदाणे), साखर, लिंबू, पुरेपूर मीठ. शेजारच्या गॅसवर चणे शिजतात ते पोळीशी खायच्या उसळीसारखे दाट. दोन्ही आपापल्या जागी उत्तम, एका प्लेटमध्ये आले की लगदा. तर्रीखालचे पोहे मोकळे, हलके आणि जरा अळणीच हवेत. तर्री पातळ, झणझणीत आणि मिठाला किंचित चढी. खालची मापं चार जणांची आहेत: 250 ग्रॅम जाड पोहे आणि 200 ग्रॅम काळे चणे.

चणे शिजतच नाहीत

चणे चौपट पाण्यात आठ ते दहा तास भिजायला हवेत. डिसेंबर-जानेवारीत रात्रीच्या थंडीत तेवढा वेळही पुरत नाही, तेव्हा भिजवायला कोमट पाणी घ्या. मे महिन्यात उलट त्रास होतो. स्वयंपाकघर रात्रभर तापलेलं असतं, सकाळी भिजवणाला फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. उन्हाळ्यात भांडं फ्रिजमध्येच ठेवा. वास आलाच असेल तर ते चणे टाकून द्या. धुऊन, मसाला वाढवून तो वास जात नाही.

भिजूनही चणे टणक राहत असतील तर एक तर ते जुने आहेत, नाही तर पाणी जड आहे. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांमुळे चण्याचं साल मऊ होत नाही. भिजवायला आणि शिजवायला दोन्ही वेळा गाळलेलं, पिण्याचं पाणी वापरा. तिसरं कारण टमाटर. काही घरांत तो चण्यांसोबतच कुकरमध्ये जातो, आणि आंबटपणामुळे चणे शिजायला फार वेळ लागतो. टमाटर घालायचाच असेल तर चणे शिजल्यावर मसाल्यात घाला. सोडा घातला तर चिमूटभरच. जास्त झाला की सालं सुटून वर तरंगतात आणि रश्शाला साबणासारखी चव येते.

भिजवणाचं पाणी फेका. भिजलेल्या चण्यांत 700 मिलि ताजं पाणी आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून कुकर लावा. मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग मंद आचेवर 15 ते 20 मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. चणा अख्खा दिसला पाहिजे, पण दोन बोटांत सहज दबला पाहिजे. शिजवणाचं पाणी मात्र ओतून देऊ नका, तर्रीला अंग त्याच पाण्याने येतं.

रात्री भिजवायचं राहिलंच तर चण्यांवर उकळतं पाणी ओतून तासभर झाकून ठेवा, ते पाणी बदला आणि शिट्टीनंतर मंद आचेवर 35 ते 40 मिनिटं द्या. काम भागतं. दाणा थोडा पिठूळ लागतो, एवढंच.

वर लाल तेल येत नाही

ही सगळ्यात मोठी तक्रार, आणि तिचं मूळ वाटणात असतं. दोन मध्यम कांदे, तीन मोठे चमचे किसलेलं सुकं खोबरं, दहा-बारा लसणाच्या पाकळ्या, इंचभर आलं, एक छोटा चमचा खसखस. एवढंच. खोबरं याहून वाढलं की तर्री पांढुरकी आणि दाट होते, तेल त्यात अडकून बसतं. कांदा उभा चिरून थोड्या तेलात तांबूस करा, खोबरं मंद आचेवर भाजा आणि मगच वाटा. कच्चा कांदा वाटला तर कडवट होतो, आणि त्याचं पाणी आटवण्यातच परतण्याचा सगळा वेळ जातो.

तेल 80 ते 100 मिलि लागतं. हो, एवढं. तेल कमी करायचं असेल तर खुशाल करा, पण मग त्या पदार्थाला तर्री म्हणू नका. तापलेल्या तेलात जिरं, दगडफुलाचा छोटा तुकडा, एक मसाला वेलची, दोन लवंगा, मग वाटण. मध्यम-मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परता. गोळा कढईचा तळ सोडून फिरू लागला आणि कडेने तेल दिसलं की वाटण झालं. बहुतेक जण चौथ्या-पाचव्या मिनिटाला पाणी ओततात, तिथेच तेल रश्शात मिसळून जातं आणि पुढे काही केलं तरी नीट वर येत नाही.

आता तिखट. दोन छोटे चमचे रंगाचं, ब्याडगी किंवा काश्मिरी, आणि एक छोटा चमचा ठसक्याचं. आपल्याकडे भिवापुरी सहज मिळतं, तेच घ्या. गरम तेलात कोरडं तिखट काही सेकंदांत जळतं, मग रंग तपकिरी होतो आणि चव कडू. गॅस अगदी बारीक करा, तिखट, हळद आणि दोन छोटे चमचे धणेपूड दोन मोठे चमचे पाण्यात कालवून ते ओता, मिनिटभर परता. मिरचीचा रंग तेलात विरघळतो, म्हणून या टप्प्याला तेल सुटलेलं असणं गरजेचं आहे. तयार सावजी मसाला वापरत असाल तर दोन छोटे चमचे पुरेत, आणि ठसक्याचं तिखट गाळा. त्या मसाल्यात मिरची-मिरे आधीच असतात.

यानंतर चणे आणि त्यांचं शिजवण, वर उकळतं पाणी घालून एकूण रस्सा सव्वा लिटरच्या आसपास करा आणि चाखून मीठ किंचित चढं ठेवा. थंड पाणी नको. एक उकळी आली की आच मंद. खळखळ उकळत ठेवलेल्या रश्शात तेल सारखं घुसळलं जातं, त्याला वर यायला उसंतच मिळत नाही. अर्धवट झाकून 15 मिनिटं, मग गॅस बंद करून दहा मिनिटं हात लावू नका. एवढ्यात लाल थर जमतो.

तरीही नाही जमला? छोट्या कढल्यात दोन मोठे चमचे तेल गरम करा, गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, एक छोटा चमचा रंगाचं तिखट घाला आणि लगेच तर्रीवर ओता. ढवळू नका. प्लेट लाल दिसेल, मुरलेली चव मात्र यातून येणार नाही.

तर्री फार जहाल झाली तर साखर घालू नका. तिखटपणा मुख्यतः तेलात उतरलेला असतो, तेव्हा वरचा थर पळीने काढून वाटीत ठेवा. ज्याला हवा तो वरून घेईल. एक उकडलेला आलू कुस्करून घातला तरी धार कमी होते, पण रस्सा दाट होतो, त्यामुळे सोबत उकळतं पाणी आणि मीठ वाढवावं लागतं.

पोहे चिकट किंवा चामट

पातळ पोहे चिवड्याला ठेवा, तर्रीखाली ते टिकत नाहीत. जाड पोहे चाळणीत घेऊन दोनदा पाण्याखाली धुवा, भांड्यात बुडवून ठेवू नका. 10 मिनिटं निथळू द्या. दाणा बोटांत दाबल्यावर मोडावा, मधे टणक कणी लागू नये. हळद आणि एक छोटा चमचा मीठ याच वेळी ओल्या पोह्यांना हलक्या हाताने लावा, म्हणजे रंग सारखा येतो आणि कढईत फार ढवळावं लागत नाही. पोहे मोडतात ते ढवळण्यानेच.

फोडणी साधी: तीन मोठे चमचे तेल, मोहरी, कढीपत्ता, तीन हिरव्या मिरच्या, एक कांदा. कांदा पारदर्शक झाला की थांबा. साखर नको, लिंबूही इथे नको.

पोहे फार भिजले असतील तर परातीत पसरून पंख्याखाली दहा मिनिटं ठेवा, मूठभर कोरडे पातळ पोहे मिसळा. ते जास्तीचं पाणी ओढून घेतात. कोरडे राहिले असतील तर गरम पाण्याचा शिपका द्या आणि तीन मिनिटं झाका.

पोहे मऊ पण मोकळे राहायला वाफ लागते. उकळत्या पाण्याच्या गंजावर (पातेल्यावर) चाळणी ठेवा, त्यात पोहे, वर फडक्यात गुंडाळलेलं झाकण. फडकं नसेल तर झाकणावरचे थेंब पोह्यांत पडून गोळे होतात. पाच-सात मिनिटं पुरे. पाणी चाळणीच्या बुडाला लागता कामा नये.

प्लेट

तर्री वाढतानाच घाला. दहा मिनिटं आधी वाढून ठेवलेली प्लेट म्हणजे लापशी. आधी झाऱ्याने चणे, मग पळीने वरचं लाल, मग थोडा रस्सा. पळी तळापासून ढवळून भरली तर पहिल्या दोघांना सगळं तेल आणि शेवटच्याला नुसतं पाणी, असं होतं. वर बारीक चिरलेला कच्चा कांदा, सांभार (कोथिंबीर), शेव आणि लिंबाची फोड. शेव अगदी शेवटी.

उरलं तर

चण्यांची तर्री उन्हाळ्यात दुपारपर्यंत ओट्यावर ठेवू नका. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी खळखळून उकळा. रात्रीतून ती घट्ट होते, तेव्हा उकळतं पाणी घालून पुन्हा मीठ चाखा. आलूबोंड्यावर किंवा समोशावर ती पोह्यांपेक्षाही चांगली लागते. उरलेल्या पोह्यांना मात्र कढईत पुन्हा परतू नका, चामट होतात. चाळणीत ठेवून तीन मिनिटं वाफवा.