किरणोत्सारापासून माणसांना आणि वन्यजीवांना कसे जपावे

१. आधी मूळची पातळी मोजून ठेवा. माती, खडक, अवकाशातले किरण आणि श्वासावाटे जाणारा रेडॉन वायू यांतून जगात माणशी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा वर्षाकाठी मिळतेच. अणुप्रकल्पांमुळे सामान्य नागरिकाच्या वाट्याला येणारी भर वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या आत हवी. मूळची नोंदच नसेल, तर भर किती पडली हे कशावरून ठरवणार?

२. मग किरणोत्सारी द्रव्याची वाट शोधा. सगळे काम इथेच ठरते. १९८६ च्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रातल्या अपघातानंतर वाऱ्यापावसाबरोबर सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य नॉर्वे-स्वीडनपर्यंत पोहोचले. तिथल्या डोंगरांवर दगडफुलासारखी शैवाके वाढतात. त्यांना मुळे नसतात. जे हवेतून येईल ते ती धरून ठेवतात. हिवाळ्यात रेनडिअर तीच खातात आणि रेनडिअरचे मांस पशुपालकांच्या ताटात येते. नुसते पाणी तपासून ही साखळी कधीच कळली नसती. सीझियम-१३७ निम्मे व्हायला ३० वर्षे लागतात, त्यामुळे तपासणी दोन-चार वर्षांत गुंडाळू नका.

३. प्राण्या-झाडांचा हिशेब वेगळा मांडा. ‘माणूस सुरक्षित तर बाकीचे आपोआप सुरक्षित’ असे पूर्वी धरून चालत. पण गाळात राहणारा जीव जी मात्रा झेलतो, ती किनाऱ्यावरच्या माणसाला लागतही नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने हरीण, बदक, बेडूक, मधमाशी, गांडूळ, पाइन असे १२ नमुना-जीव ठरवले आहेत. पाइन फार नाजूक: चेर्नोबिलजवळचे पाइनचे रान तांबूस पडून मेले. गांडूळ त्यामानाने बरेच चिवट.

४. वाट तोडा. नॉर्वेत जनावरांच्या चाटणाच्या मिठात प्रशियन ब्लू हे निळे रंगद्रव्य मिसळले. ते आतड्यात सीझियमला धरून ठेवते आणि शेणावाटे बाहेर नेते. मला हा उपाय माती खरवडण्यापेक्षा कितीतरी बरा वाटतो. घराच्या अंगणात माती काढणे ठीक. जंगलात मात्र तिच्याबरोबर बी, मुळे आणि गांडुळेही जातात.

५. पिवळ्यावर काळी तीन पाती असलेले चिन्ह किंवा बेवारस जड धातूचा डबा दिसला, तर हात लावू नका. दूर जा आणि प्रशासनाला कळवा. ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ मध्ये टाकून दिलेल्या उपचारयंत्रातली चमकणारी निळसर पूड लोकांनी कौतुकाने घरी नेली. चौघे दगावले.

६. अपघाताची सूचना आली, तर घरात जा, दारे-खिडक्या लावा. बाहेरचे कपडे उतरवून पिशवीत बांधा, अंघोळ करा. आयोडीनची गोळी सांगितल्याशिवाय घेऊ नका. ती फक्त थायरॉइडला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते, सीझियमपुढे तिचा काही उपयोग नाही.