विंडोज ११ नंतर डेस्कटॉपच्या फायली वनड्राइव्हवर जात होत्या, असं थांबवलं

विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून ११ टाकलं, तर डेस्कटॉपच्या आयकॉनवर निळे ढग आणि वर स्टोरेज फुल्लचा मेसेज, कारण वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टचं इंटरनेटवरचं स्टोरेज) फुकटात ५ जीबीच मिळतात आणि माझे पॅन, आधारचे स्कॅनसुद्धा तिकडे चढत होते. वेबवरून फायली उडवल्या तर पीसीवरनंही गेल्या (रिसायकल बिनमधून परत आणल्या), वनड्राइव्हमधून साइन आउट केलं तर ढगवाल्या (म्हणजे पीसीवर नसून फक्त नेटवर असलेल्या) फायली दिसेचनात. डोकं फिरलं.

शेवटी जमलं ते असं. आधी एक्स्प्लोररमध्ये वनड्राइव्हच्या डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्सवर राइट क्लिक करून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस', आणि भरीव हिरवी टिक येईपर्यंत थांबायचं, ही पायरी गाळू नका. मग घड्याळाजवळचा ढग, गिअर, सेटिंग्ज, 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप', तिथले तिन्ही फोल्डर बंद. डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका, फायली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच असतात, तिथून कट करून सी ड्राइव्ह, युजर्स, आपलं नाव, डेस्कटॉप इथे पेस्ट, बाकीच्या दोघांचं तसंच. मग डेस्कटॉप फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन बघा, पाथमध्ये वनड्राइव्ह नको. साइन आउट यानंतरच, आणि वेबवरचा रिसायकल बिनही रिकामा करा.