पहिला गेमिंग पीसी जुळवताय? या चुका टाळा

सगळे पार्ट नवे, सगळे सीलबंद, तरी स्क्रीन काळी. अशा वेळी पार्ट खराब निघणं विरळाच. खरेदीची यादीच चुकलेली असते. सोलापुरात ही चूक जास्त महाग पडते. निम्मे पार्ट ऑनलाइन मागवलेले असतात, आणि मदरबोर्ड (थोडक्यात बोर्ड, ज्यावर बाकीचे पार्ट जोडतात) किंवा ग्राफिक्स कार्ड वॉरंटीला द्यायचं तर बरेचदा अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याला पाठवावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा खाणारी समजूत म्हणजे ‘सॉकेट जुळलं की झालं’. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. एएमडी कंपनीचं एएम४ सॉकेट २०१६ मध्ये आलं, त्याच सॉकेटचे बी४५० चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप) बोर्ड २०१८ मध्ये आणि एएमडीचाच रायझेन ५ ५६०० हा प्रोसेसर २०२२ मध्ये. प्रोसेसर त्या बोर्डात नीट बसतो. पण २०१९ साली कारखान्यातून निघालेल्या बोर्डाचा बायोस (पीसी सुरू करणारं, बोर्डातच असलेलं सॉफ्टवेअर) २०२२ च्या प्रोसेसरला ओळखणार कसा?

जुळे सोलापूर भागातल्या एका मुलानं नेमकी हीच जोडी घेतली. जुना स्टॉक म्हणून बोर्ड स्वस्तात मिळाला. पंखे फिरले, दिवे लागले, डिस्प्ले नाही. कुणी म्हणालं रॅम गेली, म्हणून दुसरी रॅम आणली. मग एसएमपीएस (पार्टना वीज पुरवणारा डबा) बदलला. मग प्रोसेसर काढून पाहायचं ठरलं आणि कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) सरळ वर ओढला. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात. कूलर आणि प्रोसेसरच्या मध्ये लावलेल्या, घट्ट चिकटलेल्या पेस्टसकट प्रोसेसर सॉकेटमधून उपटून आला आणि चार पिना वाकल्या. शेवटी मित्राचा जुना रायझेन ५ २६०० घालून बायोस अपडेट केला, ते काम २० मिनिटांत झालं. पिना ब्लेडच्या पात्यानं सरळ करायला मात्र पाऊण तास लागला. जास्तीची रॅम आणि एसएमपीएस घरात पडून राहिले. (कूलर काढताना तो आधी डावी-उजवीकडे हळू फिरवून सैल करायचा, मगच उचलायचा.)

हीच गत एच६१० किंवा बी६६० बोर्डावर इंटेलचा तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर लावताना होते, आणि जुन्या बी६५० बोर्डावर रायझेन ९००० मालिकेतला प्रोसेसर लावतानाही. पैसे देण्याआधी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरची सीपीयू सपोर्ट लिस्ट उघडा. प्रत्येक प्रोसेसरसमोर किमान कोणता बायोस लागतो ते तिथं लिहिलेलं असतं. दुकानातून घेत असाल तर समोर अपडेट करून मागा; चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. ऑनलाइन घेणार असाल तर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा, त्यातल्या बायोसच्या फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव द्यायचं, पेनड्राइव्ह खूण केलेल्या पोर्टात लावायचा आणि बटण दाबायचं. प्रोसेसर नसला तरी चालतं. हे काम यूपीएसवरच करा. मधेच लाईट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

रॅमचं सोपं आहे: एएम४ ला डीडीआर४ प्रकारची, एएमडीच्याच पुढच्या एएम५ सॉकेटला डीडीआर५. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारांत येतात, तेव्हा बोर्डाचं पूर्ण नाव वाचा. दोन कांड्या असतील तर सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगानं चालवणारं सेटिंग) चालू केलं नाही तर ३२०० वेगाची रॅम २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही. ग्राफिक्स कार्ड लावलंय ना, मग मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, बोर्डाला नाही.

आता एसएमपीएस. इथं पैसे वाचवणाऱ्यांचा खरोखर राग येतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर ‘४५० वॉट’ छापलेलं असतं, पण स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर आहेत ते बघा. २० अँपिअर म्हणजे २४० वॉट, बस्स. प्रोसेसर आणि कार्ड जवळपास सगळी वीज तिथूनच घेतात. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॉट मागतं आणि त्याच्यासाठी कंपनीच ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीच्या चार पिनच्या कनेक्टरवरून) आठ पिनचं कनेक्टर काढून देणारे जोड वापरू नका, ते वितळतात. मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या मॉडेलला लावू नका. टोक सारखं दिसलं तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि एसएसडी जळते.

यूपीएस घेताना व्हीए म्हणजे वॉट समजू नका. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस ३६० वॉटच्या आसपासच देतो, आणि मॉनिटरसकट गेम चालू असताना लाईट गेली की तो लगेच मान टाकतो. १००० ते ११०० व्हीएचा घ्या. भिंतीतलं अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंगमध्येच गडबड आहे.

कॅबिनेट पुढून बंद काचेचं नको, जाळीचं हवं. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि पंखा खोलीतलीच गरम हवा आत ओढतो. पूर्व भागात यंत्रमागाजवळ घर असेल तर सुताचे तंतू फिल्टरवर थर धरतात. दर पंधरा दिवसांनी फिल्टर झटका. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मिलिमीटरमध्ये कॅबिनेटच्या पानावर दिलेली असते, ती जुळवून पाहा. बोर्डाखाली भोक नसलेल्या जागी पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा छोटा खांब) राहिला तर शॉर्ट होतो.

आणि पहिल्यांदाच सगळं कॅबिनेटमध्ये कोंबू नका. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्ड लावा. कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढलंय ना ते बघा. चोवीस पिनची केबल आणि प्रोसेसरची आठ पिनची केबल, दोन्ही लावून चालू करा. बायोसचा डिस्प्ले आला की मगच स्क्रू हातात घ्या.