शब्दकोड्यातील नाटकांची अर्धवट नावे कशी ओळखावीत

'वीज म्हणाली ....' किंवा '.... जेव्हा जाग येते' अशी सूत्रे शब्दकोड्यात दिसली की अनेक जण 'हे नाटक आपण पाहिलेले नाही' असे म्हणून पुढच्या सूत्राकडे वळतात. नाटक पाहिलेले असले तर उत्तमच. पण नावाचा जो भाग छापलेला असतो, तो व्याकरणाच्या आधारे नीट वाचला तर न पाहिलेल्या नाटकाचे नावही बहुधा सापडते.

सर्वप्रथम घरे मोजावीत. मराठी कोड्यात मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर यांसह एक अक्षर एका घरात बसते, त्यामुळे 'प्याला' दोन घरांत मावतो आणि 'कट्यार' तीन घरांत. '.... जेव्हा जाग येते' यासाठी पाच घरे असतील आणि 'रायगड' सुचूनही एक घर उरत असेल, तर विभक्तीचा प्रत्यय राहिला आहे असे समजावे. उत्तर 'रायगडाला' असे होते. नावातला शब्द ज्या रूपात आहे त्याच रूपात तो कोड्यात येतो. 'वीज म्हणाली ....' याच्या चार घरांतही 'धरती' नव्हे, 'धरतीला' लिहावे लागते.

त्यानंतर षष्ठीचा प्रत्यय पाहावा, कारण सर्वाधिक मदत त्याचीच होते. 'गारंबीचा ....' यात 'चा' असल्यामुळे पुढचा शब्द पुल्लिंगी एकवचनी असणार हे ठरते आणि दोन घरांत 'बापू' बसतो. 'लग्नाची ....', 'मोरूची ....', 'हिमालयाची ....' यांतील 'ची' मुख्यतः स्त्रीलिंगी एकवचनाकडे बोट दाखवते, म्हणून बेडी, मावशी, सावली. मात्र 'ची' नपुंसकलिंगी अनेकवचनालाही लागते, हे विसरू नये. 'अश्रूंची .... फुले' यात 'ची'चा संबंध शेवटच्या 'फुले'शी आहे. मधल्या दोन घरांत त्याच लिंगवचनाचे क्रियापद हवे, म्हणजे 'झाली'. 'झाले' लिहिले, तर त्या घरातून जाणारा उभा शब्द अडतो.

प्रत्यय नसलेली सूत्रे अधिक कठीण असतात. 'संगीत ....' आणि तीन घरे एवढेच दिले असेल, तर 'शारदा' आणि 'सौभद्र' दोन्ही बसतात. दुसऱ्या घरात 'र' येतो की 'भ', हे छेदणाऱ्या शब्दावरून ठरवावे. सूत्रात देवलांचे नाव असेल तर 'शारदा', किर्लोस्करांचे असेल तर 'सौभद्र'. अशा ठिकाणी कोडे रचणाऱ्याने नाटककाराचे नाव द्यायलाच हवे, असे माझे ठाम मत आहे.

नाटककार आणि नटांची ओळख वाढवणे ठाणे-नवी मुंबईकरांना सोपे आहे, कारण येथील नाट्यगृहांची नावेच उजळणी करून देतात. घाणेकर नाट्यगृहाची पाटी वाचताना काशिनाथ घाणेकरांचा लाल्या आणि संभाजी आठवावा, म्हणजे 'अश्रूंची झाली फुले' आणि 'रायगडाला जेव्हा जाग येते' ही कानेटकरांची दोन नाटके पक्की होतात. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहावरून 1843 मधले 'सीता स्वयंवर' लक्षात राहते. केवळ 'स्वयंवर' आणि खाडिलकर असे सूत्र आले तर ते मात्र 1916 चे संगीत नाटक होय.

तलावपाळीजवळच्या गडकरी रंगायतनाचे नाव ज्यांच्यावरून आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांची एक जोडी विशेष सावधपणे हाताळावी. '.... संन्यास' आणि दोन घरे असतील, तर 'प्रेम' आणि 'राज' हे दोन्ही शब्द तंतोतंत बसतात. सूत्रात 'अपूर्ण' असा शब्द असेल तर 'राज' निश्चित, कारण 'राजसंन्यास' गडकऱ्यांच्या हातून पुरे झाले नाही. तसा उल्लेख नसेल, तर पहिल्या घरात 'प्रे' आहे की 'रा', हे उभा शब्द सुटून कळेपर्यंत तेथे पेन्सिलीनेच लिहावे.