सिलिकॉन फोटॉनिक्समध्ये येताय? आधी फायबरचं बघा

चिपवरचा डेटा विजेऐवजी प्रकाशाने न्यायचा म्हटलं की नवीन मुलं थेट मॉड्युलेटर (प्रकाशावर डेटा चढवणारा भाग) नाहीतर रिंग रेझोनेटरवर (ठरावीक तरंगलांबी पकडणारं वेव्हगाइडचं कडं) उडी मारतात. साहजिक आहे, पेपर त्यावरच निघतात. पण आजही नवी चिप टेबलावर आली की माझ्या पोटात गोळा येतो तो तिच्या कडेकडे, म्हणजे फायबर जिथे जोडायचा तिथे बघून.

वेव्हगाइड, म्हणजे चिपवरची प्रकाशाची वाट, साधारण 500 नॅनोमीटर रुंद, 220 नॅनोमीटर जाड. साध्या सिंगल-मोड फायबरमधला प्रकाशाचा ठिपका मात्र सुमारे 10 मायक्रॉनचा. ग्रेटिंग कपलर, म्हणजे फायबरमधला प्रकाश वेव्हगाइडमध्ये वळवणारी बारीक खाचांची जाळी, हे जमवून देतो, पण फुकट नाही. एका कपलरला 4 डीबी (डेसिबल) गेले तर आत-बाहेर मिळून 8, म्हणजे सर्किट बिनचूक असूनही हाती जेमतेम सहावा हिस्सा. त्यात हा कपलर एकाच पोलरायझेशनला, म्हणजे प्रकाशलहरीच्या कंपनाच्या एकाच दिशेला, दाद देतो. फायबर जरा हलला की पोलरायझेशन फिरतं, पॉवर पडते आणि आपण रात्रभर डिझाइनला शिव्या घालतो.

म्हणून लेआउटमध्ये कपलर आधी, सर्किट नंतर. सगळे एका रेषेत, एकाच दिशेला तोंड करून, तुमच्या लॅबच्या फायबर अ‍ॅरेच्या पिचवर, म्हणजे ओळीतल्या दोन फायबरमधल्या अंतरावर. तो बहुधा 127 किंवा 250 मायक्रॉन असतो. आधी मोजून घ्या! उरल्या जागेत कपलर कोंबले, तर कित्येक महिने वाट पाहून आलेली चिप मोजताच येत नाही. शिवाय दोन कपलर जोडणारा एक नुसता सरळ वेव्हगाइड ठेवाच. तो नसेल तर लॉस कपलरचा की सर्किटचा, हे तुमचे सरही सांगू शकणार नाहीत.

रिंगचं म्हणाल तर तिची तरंगलांबी तापमानाच्या एका अंशामागे 0.07-0.08 नॅनोमीटर सरकते. हीटर लावा, पुढे चला.

घाबरू नका, शिकायला पैसे लागत नाहीत. प्रकाशाचं सिम्युलेशन करणारं मीप आणि लेआउट काढायचं केलेआउट, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. ‘महिन्याभरात फोटॉनिक्स’ छाप सर्टिफिकेटं मात्र सोडा. आयआयटी मद्रास असो की आयआयएससी, गाइड ठरवण्याआधी तिथल्या सीनियरला गाठा आणि विचारा, शेवटची चिप कधी मोजलीत? नुसती सिम्युलेशन दाखवली तर माझ्या मते तिथे जाऊ नये.

आणि पॅकेजिंगला दुय्यम समजू नका. एनव्हिडियाने 2025 मध्ये जाहीर केलेल्या नेटवर्क स्विचमध्ये ऑप्टिक्स थेट स्विच चिपच्या पॅकेजमध्ये आलंय. तिथेही शेवटी फायबर जोडावाच लागतो.