मक्याऐवजी ज्वारी-बाजरी घालताय? ब्रॉयलरच्या रक्ताच्या बाबतीत या चुका टाळा

इथेनॉलसाठी मका जायला लागल्यावर भाव असे चढले की घरीच ब्रॉयलर कोंबड्यांचं खाद्य बनवणारे बरेच जण थोडा मका काढून बाजरी, ज्वारी नाहीतर तांदळाची कणी घालायला लागले. त्यात वाईट काही नाही, बाजरीत तर प्रोटीन मक्यापेक्षा जास्तच असतं, साधारण 11-12 टक्के, मक्यात 8-9. पण मग लगेच विचारणा सुरू होते, पक्षी पांढरे पडले, रक्त कमी झालं वाटतं, आयर्नचं कुठलं टॉनिक देऊ?

अहो आधी पक्षी हातात तर घ्या. नुसते पाय आणि कातडी फिकी असेल, तुरा मात्र लाल आणि डोळ्याची खालची पापणी ओढली की आतून गुलाबी दिसत असेल तर रक्ताचा काही संबंध नाही, मक्यातून मिळणारा पिवळा रंग कमी झालाय एवढंच. टॉनिकवर पैसे घालवू नका. तुरा आणि पापणीची आतली बाजूपण फिकी असेल तर मात्र खरंच बघायला पाहिजे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी स्वस्तात मिळते म्हणून उचलणं. वाळवली, दळली की झालं असं वाटतं, पण बुरशी मेली तरी तिचं विष तसंच राहतं. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष लिव्हरवर बसतं, आणि रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन, रक्त गोठवणारे घटक हे सगळं लिव्हरच बनवतं, म्हणून रक्त नीट गोठत नाही. हिमोग्लोबिन तर उतरतंच, वर पक्षी पकडताना जरा दाबलं तरी आत रक्त साकळतं आणि कटिंगच्या वेळी मांडीवर, छातीवर निळेकाळे डाग दिसतात. असे डाग वाढले तर नुसतं पकडणाऱ्या पोरांना बोलू नका, धान्यपण तपासा. ओलावा 12 टक्क्यांच्या आत ठेवा, लॅबमध्ये अफ्लाटॉक्सिन 20 पीपीबीच्या (अब्जात 20 भाग) वर आलं तर तो माल घालूच नका. टॉक्सिन बाइंडर (विष बांधून ठेवणारी पावडर) आहे ना, असं म्हणू नका, मातीवाले बाइंडर अफ्लाटॉक्सिनवर चालतात, फ्युजेरियम या दुसऱ्या बुरशीच्या विषांवर फारसे नाही.

लाल-तपकिरी ज्वारीत टॅनिन हा तुरट पदार्थ जास्त असू शकतो, तो प्रोटीन आणि लोह दोन्ही अडकवतो. आपल्या पांढऱ्या मालदांडी ज्वारीत हा त्रास फारसा नाही. तरी किलोला किलो बदली करू नका, मेथिओनिनचा (खाद्यातून द्यावंच लागणारं अमिनो आम्ल) हिशोब नव्याने करून घ्या आणि बदल 5-7 दिवसांत हळूहळू करा.

धान्याला दोष द्यायच्या आधी लिटर, म्हणजे शेडमध्ये खाली अंथरलेला भुसा, बघा. शिटेत रक्त असेल तर कॉक्सी (आतड्यातल्या परजीवीचा आजार, कॉक्सिडिओसिस) आधी धरा, त्यानेपण पक्षी फिका पडतो.

आणि रक्ताचं सॅम्पल माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नका देऊ. कोंबडीच्या लाल पेशीत केंद्रक असतं, त्यामुळे तिथलं मशीन पांढऱ्या पेशींचा आकडा भलताच दाखवतं आणि लोक उगाच अँटिबायोटिक सुरू करतात. पशुवैद्यकीय लॅबमध्येच द्या, आणि आजारी पक्ष्यांबरोबर त्याच शेडमधल्या, त्याच वयाच्या चांगल्या पक्ष्यांचंपण पाठवा, म्हणजे पीसीव्ही (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) कशाशी ताडून बघायचा ते कळेल.