घरीच लीकडाऊन टेस्ट: सिलेंडर घासलाय का ते कसं बघायचं

चवथीच्या आधी फोंड्याला दोन जणांच्या गाड्या बघितल्या, दोन्ही निळा धूर मारत होत्या आणि दोघांनाही सरळ इंजिन खोलायला सांगितलेलं. थांबा जरा, आधी लीकडाऊन टेस्ट करा, म्हणजे इंजिनच्या सिलेंडरमध्ये हवा भरून ती किती आणि कुठून गळते ते बघा.

इंजिन गरम करून घ्या, स्पार्क प्लग काढा, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या एकदम टॉपला आणा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व बंद. आता हे नीट वाचा, पिस्टन जरा जरी मागेपुढे असला तर हवेच्या दाबाने क्रँक गर्रकन फिरतो, म्हणून क्रँकच्या बोल्टवर पाना लावून ठेवू नका आणि हात फॅनपासून लांब. मग प्लगच्या भोकाला टेस्टर (हवा किती टक्के गळते ते काट्यावर दाखवणारं मीटर) लावून १०० पीएसआय दाबाची हवा सोडा. १० टक्क्यांच्या आत लीक असेल तर मस्त, २० पर्यंत जुन्या गाडीला चालतं, ३० च्या वर गेलं की काळजी.

पण खरं काम काट्यापेक्षा कानाचं. कार्ब्युरेटरकडून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, आणि ऑइलच्या झाकणातून जोरात आली तर पिस्टनच्या रिंगा नाहीतर सिलेंडर. थोडी तिथून येतेच, घाबरू नका. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, लीक बरंच कमी झालं तर झीज रिंगा-सिलेंडरचीच.

पावसात महिनोन्महिने उभी असलेली गाडी असेल तर आधी थोडी चालवा, चिकटलेल्या रिंगा कधीकधी सुटतात, मग परत टेस्ट करा.